कोंबड्यांवर झाकलेला ड्रम

दार्सैत, मस्कत
शनिवार, ११ जानेवारी २०२५

जोहराआपा, सलाम.

आधी आला तो इक्बाल. पाहुण्यांना चारचं बोलावलं होतं, हा सव्वातीनला दारात उभा. सीबहून टॅक्सी करून आला, अंगात कडक इस्तरीचा अरबी झगा, हातात हलव्याचा डबा. रत्नागिरीचा माणूस, झग्यात पाय अडकून जिन्यावर दोनदा ठेचकाळला. बावीस वर्षं मी या मुलखात आहे, एका ईदेला त्याला दार्सैतची वाट सापडली नाही. काल कशी सापडली? तर आमच्या नातवाने, आदिलने जमातीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं, की दादीच्या अब्बांवर पुस्तकात लिहून येणार आहे. झालं! ज्याच्या बापाने आपल्या अब्बांना भर जमातीत "ढोलवाला" म्हणून जोड्याजवळ बसवलं, तो अब्बांच्या थोरल्या भावाचा, मोठ्या अब्बांचा इक्बाल माझ्या सोफ्यावर मधोमध बसून म्हणतो, "खुदेजाआपा, आपल्या घराण्यात संगीताची परंपराच आहे."

मी म्हटलं, "हो ना. तुझा बाप नुसता ग्रामोफोन दिसला तरी सैतान दिसल्यासारखा लाहौल म्हणायचा. सुरात म्हणायचा पण!"

हिबा हसली. तो कहवा प्यायला.

आता पाहुणे सांगते. निशांत आणि उत्तरा, नवरा-बायको, पुण्याचे. तो इथे कंपनीत इंजिनियर, ती हिबाच्या शाळेत गाणं शिकवते आणि मुंबईच्या जुन्या हॉटेलांतल्या जॅझ बँडांवर पुस्तक लिहिते. माणसं बरी आहेत, पण चहात साखर अर्धा चमचा. अर्धा! मग चहा कशाला पितात देव जाणे. तर तिने वर्गात एक फोटो दाखवला. सात माणसं पांढऱ्या कोटात, पुढे मोठा ड्रम, ड्रमाच्या आत दिवा लावलेला आणि कातड्यावर चित्र. आमची हिबा उठून म्हणाली, "मिस, माझ्या दादीच्या फादरकडे सेम होता." पोरीला मराठीत धड चार वाक्यं येत नाहीत, पण माझ्या गोष्टी कानात असतात हो.

तोच फोटो काल आणला होता. आपा, अब्बा! कोट केवढा, मिशी केवढी! ड्रमावरचं चित्र बघून उत्तरा म्हणाली, "हे बहुतेक हवाई बेट असावं." मी म्हटलं, "बाई, हे हवाई नाही, हे साखरखाडी. हा मचवा माझ्या आज्याचा. आणि हा मिनार वाकडा आहे ना, तो चिताऱ्याने चुकवला नाही, वीज पडल्यापासून तो तसाच आहे."

पण ऐक. बँडमास्तराचा नातू मुंबईत आहे, तो म्हणतो हा ड्रमवाला म्हणजे हॅरी फर्नांडिस, आमचाच नातेवाईक. बँडात अब्बांना हॅरी म्हणायचे हे खरं, पण फर्नांडिस कुठला काढला? उत्तरा म्हणाली, "मला पटतंय हो आजी, पण छापायला काहीतरी हातात हवं. पाच फेब्रुवारीला पानं बंद होतात." म्हणजे पाच तारखेपर्यंत काही दाखवलं नाही, तर अब्बांच्या मिशीखाली फर्नांडिसचं नाव, कायमचं.

तर अब्बांचा ड्रम तुझ्याकडे आहे. सिदराला सांगून त्याचे फोटो पाठव. तुझे कान गेल्यापासून फोनवर मी ओरडते आणि तू "हां, जेवले" म्हणतेस, म्हणून पत्र. हिबा याचा फोटो काढून सिदराला पाठवेल. उत्तर दे.

तुझी खुदेजा


साखरखाडी, जि. रत्नागिरी
गुरुवार, १६ जानेवारी

खुदेजा, सलाम.

नातीने पत्र फोनवर बोटांनी मोठं करून दाखवलं. तू चार पानं लिहितेस आणि मुद्दा चौथ्यावर असतो.

ड्रम नाही. तू मस्कतला गेलीस तेव्हा मी तो पडवीत कोंबड्यांवर झाकायला घेतला. एका बाजूचं कातडं गेलेलंच होतं, दुसऱ्या बाजूवर गोणपाट आणि दगड ठेवायचे. मुंगूस शिरायचा नाही. तेवढाच त्याचा आपल्या घराला उपयोग झाला. पुढे कुजला, खाडीत टाकला.

दिव्याचा ड्रम म्हणे! त्या दिव्याचा आपल्या घरात कुठे उजेड पडला? तू तेव्हा तेरा वर्षांची, चिंचा खात फिरायचीस. मी सतरा वर्षांची होते. मुलाची आई आपल्या ओटीवर बसली, आपलं सरबत प्यायली आणि ग्लास खाली ठेवून म्हणाली, ढोलवाल्याची लेक आम्हांला नको. पाहुण्यांसाठी नवीन चटई अंथरली होती, ती मीच गुंडाळली. मग दोन मुलांच्या बापाशी माझा निकाह झाला, तो आपल्याच घरी राहायला आला, ते तुला माहीत आहे. त्यानंतर सिनेमावाल्यांनीही अब्बांना काढून टाकलं. घरी येऊन बसले, मेले तोवर धड बोलले नाहीत.

फर्नांडिस तर फर्नांडिस. त्याचं लेकरू तरी खूश होईल.

इक्बालने हलवा कुठला आणला होता, काळा की पिवळा?

जोहरा


दार्सैत
सोमवार, २० जानेवारी

आपा, सलाम.

पिवळा. आणि काजू वरच्या थरातच, खाली नुसतं तूप. माणसासारखाच हलवा.

आता दुसरं ऐक, पोट धरून हसशील. शनिवारी इक्बाल पुन्हा हजर. या वेळी मखमलीच्या पिशवीत दोन काठ्या. म्हणे, "चाचांच्या ड्रमाच्या काठ्या. माझ्या वालिदांनी जपून ठेवल्या होत्या." उत्तराने हात पुसून घेतल्या, बिचारी! मी चष्मा लावला. एका काठीच्या बुडाला चिकटपट्टी अर्धी खरवडलेली, तिच्यावर इथल्या रुवी बाजारातल्या दुकानाचा शिक्का. मी विचारलं, "इक्बाल, तुझ्या वालिदांनी रुवीत कधी खरेदी केली रे? ते तर बाणकोटच्या पलीकडे गेले नव्हते." तर म्हणतो, "चिकटपट्टी नंतर लागली असेल." चिकटपट्टी काय उडत येऊन बसते? निशांत खिडकीतून कृष्णमंदिराच्या बाजूला बघत राहिला, खांदे हलत होते त्याचे.

शिवाय अब्बांची उजवी काठी नेहमी एका अंगाने झिजलेली असायची. ते झांजेवर काठी आडवी घासायचे. बोटीवर असताना एका अमेरिकन वादकाने शिकवलं होतं म्हणे, काळा, आपल्या जंजिऱ्याच्या सिद्दींसारखा दिसणारा. अब्बा सांगायचे, "तो म्हणाला, नुसता ठोकू नकोस, बोलव." मला चुलीपुढे बसवून परातीवर दाखवायचे. डाव्या पायाने पाट आपटायचे, उजव्या हाताने परात. अम्मा भाकरीचं पीठ घेऊन ताटकळायची. तुला दाखवायचे नाहीत. तू उठून जायचीस.

आपा, तुझं दुःख मला ठाऊक नाही असं नाही. पण खोटं बोलू नकोस. सिदराने हिबाला सांगितलंय, माळ्यावर हिरव्या चादरीत काहीतरी गोल बांधून ठेवलंय आणि हात लावला तर दादी ओरडते. खाडीत टाकलेला ड्रम माळ्यावर चढला कसा? पाच तारीख जवळ येते. अब्बांनी इतकी वर्षं वाजवलं, दुसऱ्याच्या नावाने गेलं तर मी काय तोंड घेऊन मरू? तुला ड्रम आवडत नाही, नको आवडू दे. फोटो तर दे.

खुदेजा


साखरखाडी
सोमवार, २७ जानेवारी

खुदेजा,

आजकालच्या पोरींच्या पोटात काही राहत नाही. सिदराला दोन दिवस घावन दिलं नाही.

ड्रम आहे. आता कारण ऐक आणि हसू नकोस. आदिललाही सांगू नकोस.

अठरा वर्षं त्याच्याखाली कोंबड्या होत्या. वादळाच्या वर्षी पडवीचे पत्रे उडाले, दगडाने चिताऱ्याचं कातडं फाटलं, ड्रम चिखलात लोळला. मी विहिरीवर नेऊन घासला आणि उन्हात उलथा ठेवला. आत बघते तर लाकडावर लिहिलेलं. आपला आजा मचव्याच्या आतल्या फळीवर तापल्या सळीने प्रत्येक खेप डागायचा ना, तशीच डागलेली अक्षरं. पण मराठी नाही. उजवीकडून लिहिलेली, गोल फिरत गेलेली, सगळ्या ड्रमभर.

मला काय वाचता येणार? आपल्याला कुराणाची शिकवली ती जेर-जबरच्या, काना-मात्रेसारख्या खुणा लावलेली अक्षरं. ही बोडकी. एक "अल्लाह" तेवढं लागलं. अब्बांनी आत दुआ लिहिली असणार आणि मी त्या दुआखाली अठरा वर्षं कोंबड्या कोंडल्या. अंडी विकली. विष्ठा... जाऊ दे. तेव्हापासून चादरीत बांधून वर ठेवला. चार वर्षं रोज माफी मागते. मौलवीसाहेबांना विचारावं तर आधी कोंबड्या सांगाव्या लागल्या असत्या.

सिदराने आतून आठ फोटो काढलेत. तुमच्याकडे कोणी शहाणं माणूस असेल त्याला दाखव. दुआ असेल तर मला काय भरपाई करायची ते विचारून कळव. फर्नांडिसचं मला काही नाही. पण हे कळव.

जोहरा


दार्सैत
शनिवार, १ फेब्रुवारी

आपा, माझी आपा,

दुआ नाही. आधी हे वाच, मग बाकीचं. दुआ नाही, तू निवांत झोप. कोंबड्यांचं कोणाला बोलले नाही. म्हणजे उत्तराला बोलले. ती इतकी हसली की अर्ध्या चमच्याच्या चहाने तिला ठसका लागला.

काल शुक्रवारी सगळे जमले. फोटो टीव्हीवर मोठे करून लावले. आता वाचायचं कोणी? हिबा शाळेत अरबी शिकते, तिने अक्षरं लावली पण म्हणाली, "दादी, हे अरबी नाही, उर्दू आहे." आपण दोघी मराठी शाळेच्या, चौथीपर्यंतच्या. आदिल इंग्रजी. मग खोलीत उर्दू शाळेत गेलेलं एकच माणूस, पुन्हा कोणी न बोलावता आधी येऊन मधोमध बसलेलं. इक्बाल! मोठ्या अब्बांनी मुद्दाम उर्दूत घातलेला, शिवाय इकडे इब्री गावात दुकान होतं तेव्हा मुशायरे भरवायचा म्हणे.

मी म्हटलं, "वाच बाबा. घराण्याची परंपरा आहे."

काय खाकरला! झग्याच्या बाह्या सारख्या करत उभा राहिला आणि शेर म्हणावा तसं वाचायला लागला. उत्तरा लिहून घेत होती. तिच्या वहीवरून हिबाने मला सांगितलं, ते तुला आपल्या मराठीत उतरवून देते.

"अल्लाह का नाम. खेप पहिली. बोट. झांजा पुसायला होतो. ड्रमवाला तापाने पडला, मला बसवलं.

खेप दुसरी. मुंबई, हॉटेल. मॅनेजर म्हणतो, हारून नाव पाटीवर शोभत नाही. आजपासून हॅरी.

खेप पाचवी. पावसाळा, कातडं ढिलं. आत दिवा बसवला, कातडं तापलं, आवाज आला. लोकांनी दिव्यालाच टाळ्या दिल्या.

खेप सहावी. ड्रमावर आपली खाडी काढून घेतली. मालक विचारतो, कुठलं बेट? मी म्हटलं, हवाई."

आपा! अब्बांनीच हवाई सांगितलं होतं! उत्तराने माझ्याकडे बघितलं. मी पदर तोंडाला लावला.

"खेप दहावी. दारूबंदी. हॉटेलांचे बँड बंद. सिनेमाच्या स्टुडिओत. कोणाला दिसत नाही, पण वाजवतो मीच."

म्हणजे कातडं बदलायला ड्रम उघडला की अब्बा आत एक खेप डागायचे. आज्याच्या मचव्यासारखी. निशांत म्हणाला, "एका जॅझ ड्रमवाल्याने स्वतःचा हिशोब ड्रमातच लिहून ठेवलाय, असं मी कुठे ऐकलं नाही." मी म्हटलं, "हिशोब दुकानदार लिहितो. खलाशी खेप लिहितो."

मग इक्बालचा आवाज बारीक झाला. एक ओळ त्याने गिळलीच. मी काय आज जन्मले? टीव्हीवर ओळी पाच दिसत होत्या आणि याने वाचल्या चार. म्हटलं, "ती मधली राहिली रे. मोठ्याने वाच, मी म्हातारी आहे."

म्हणतो, "अस्पष्ट आहे."

हिबाने तेवढीच ओळ मोठी केली. टीव्हीभर. हुशार पोरगी!

वाचली त्याने. आपा, कशी वाचली काय सांगू! "गावी गेलो. थोरला भाऊ म्हणतो, ढोल आणि तू, दोघांपैकी एकालाच उंबऱ्याच्या आत घेईन. ढोल गोठ्यात ठेवला. मीही गोठ्यात झोपलो."

खालून टॅक्सीवाला "यल्ला, यल्ला" म्हणून घाई करत होता. इक्बाल बसला. मधोमध नाही बसला, दाराजवळच्या स्टुलावर बसला. मला वाटलं होतं, या दिवशी मी त्याला चार शब्द ऐकवीन. जिभेवर होते, तयार. पण तो स्वतःच म्हणाला, "खुदेजाआपा, वालिद आम्हांला सांगायचे, हारूनचाचा गर्वाने गोठ्यात झोपायचे." आणि चष्मा पुसत राहिला. म्हणून चारातले दोनच ऐकवले.

शेवटची ओळ त्याला वाचवेना, उत्तराला उर्दू वाचता येत नाही. मी म्हटलं, "इक्बाल, वाच बेटा, खलास कर."

आपा, आता तू बसून वाच. सिदराला पाणी आणायला सांग.

"स्टुडिओवाले थांब म्हणतात. पण जोहराचा रिश्ता मोडला. त्यांनी ढोलाचं नाव घेतलं. धाकटीच्या वेळी कोणी घेऊ नये. आता खेप नाही. हारून दाऊद परकार, साखरखाडी."

अब्बांना कोणी काढलं नव्हतं.

पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव, सगळं आहे. उत्तराने तिथूनच फोन लावून सांगितलं, फर्नांडिस काढा.

माझा निकाह कसा बिनबोभाट झाला, कोणी ढोलाचं नावसुद्धा कसं काढलं नाही, याचं मला जन्मभर नवल वाटायचं. मी समजत होते, मी गोरी म्हणून!

तुझी खुदेजा


साखरखाडी
शुक्रवार, ७ फेब्रुवारी

खुदेजा,

पत्र तीनदा वाचलं. सिदराला पाणी आणायला सांगायची गरज नव्हती, मी काही सिनेमातली आई नाही.

अब्बांचा मला राग आहे तो आहेच. आता जास्त आहे. हे सगळं सांगायचं कुणाला? ड्रमाला! पोरगी घरात, बापलेक एका ताटाशी जेवतोय, मी एकवीस वर्षं त्यांना पाणी द्यायचे ते भांडं आपटून द्यायचे, आणि हा माणूस लाकडाच्या आत लिहितो. बाहेर लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? कोंबड्यांनी वाचलं, मी नाही.

शिमग्याच्या ढोलांना कातडी चढवतो तो शांताराम आला होता. ड्रम बघून म्हणाला, "एवढं मोठं तोंड मी नाही बघितलं, जोहराबाय." मी म्हटलं, बघितलं नसशील, पण चढवशील की नाही? चढवलं. पाठीमागची बाजू उघडीच ठेवायला सांगितली. लिहिलेलं कोंडून ठेवायचं नाही आता.

तो गेल्यावर मी पडवीत एकटी होते. परातीवरचं ते मला कधी शिकवलं नाही, पण उठून जाताना ऐकलेलं होतं. पाटावर डावा पाय आणि ड्रमावर उजवा हात. एकदा केलं. मला ऐकू येत नाही हे तुला माहीत आहे. पण इथे, बरगडीत, कोणीतरी हाक मारल्यासारखं झालं.

कोंबड्या अंगण सोडून पळाल्या. तीन अजून आल्या नाहीत.

कोंबड्यांचं तू उत्तराला सांगितलंस. पुस्तकात आलं तर याद राख.

जोहरा


दार्सैत
शनिवार, ८ फेब्रुवारी

आपा,

आलंय. पुस्तकात. एकच ओळ आहे, पण आहे. मी काय करू, उत्तरा म्हणाली तीच ओळ सगळ्यांत चांगली आहे.

काल दोघं छापायचं पान घेऊन आले होते. फोटोखाली सात नावं. सातवं, "ड्रम : हारून दाऊद परकार, साखरखाडी." हॅरी कंसातही नाही. मी बोट ठेवून वाचलं, मग हिबाने वाचलं, मग मी हिबाला म्हटलं, पुन्हा वाच, मला नीट दिसलं नाही. दिसलं होतं चांगलं.

इक्बालचा काल पत्ता नव्हता. मी म्हटलं, सुटलो! तर संध्याकाळी फोन. म्हणतो, "आपा, नावाखाली 'मोठे बंधू यांच्या आठवणीसह' असं काही घालता येईल का?" म्हटलं, येईल ना, बंधूंचा फोटो दे, गोठ्याचाही दे. मग म्हणाला, "त्या काठ्या मी हिबासाठी ठेवू का? नव्या आहेत." पहिल्यांदा खरं बोलला बघ जन्मात. ठेव म्हटलं. पोरगी आता दिवसभर माझी परात ठोकते, शेजारची मल्याळी बाई दोनदा येऊन गेली. मी त्या बाईला बसवून सगळ्या खेपा सांगितल्या, पहिलीपासून. तिला मराठी येत नाही, पण शेवटी डोळे पुसत गेली. वैतागाने असेल.

तू ड्रम पुसून ठेव. शांतारामच्या कातड्यावर कोणाला काही काढू देऊ नकोस, चितारी मीच शोधीन, मिनार वाकडाच हवा. निशांत-उत्तरा पुण्याला जाताना वाट वाकडी करून आधी तुझ्याकडे येणार आहेत, तू ते कसं वाजवतेस ते बघायला. चहात अर्धा चमचा साखर घाल, नाहीतर दोन घाल आणि सांगू नकोस. तिथून परत मस्कतला आले की माझ्याकडे. तुझ्याकडचा दिवस त्यांनी मला कॅलेंडरवर खूण करून दिलाय, तूही कर: शुक्रवार, एकवीस फेब्रुवारी, संध्याकाळी असरच्या नमाजानंतर. तोवर त्या तीन कोंबड्या शोधून ठेव, त्यांनाही बघायच्या आहेत.

खुदेजा